घसारा

आमचा मेहुणा न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडे १९९० सालची माझदा मियाटा आहे. दर रविवारी स्वारी चाकांपुढे गुडघे टेकते. चाकांची बादली निराळी, ब्रश निराळा. चाकं गार होईपर्यंत थेंब नाही. काळा थर म्हणजे ब्रेक-पॅडची आणि डिस्कची झीज. औषध फवारलं की त्यातलं लोखंड जांभळं होऊन ओघळतं. थांबण्याची किंमत म्हणायची! आम्ही बी.कॉम. माणसं, झीज दिसली की घसारा लावून मोकळे. निर्जीव वस्तूची एवढी सेवा करावी का, हा प्रश्न मी काढणार, तोच तो म्हणाला, "भावोजी, तुमच्या स्कूटरच्या टायरांत दाब किती?"

मला ठाऊक नव्हता. त्याच्या ताईचा रक्तदाबही नव्हता.