काट्यांचं कुंपण

‘वितंडवाद’ हा शब्द आपण रागाने वापरतो, पण मुळात ती शास्त्रातली वर्गवारी आहे. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले. खरं काय ते ठरवायला दोघं बसतात तो वाद. जिंकण्यासाठी बोलतात, शब्दांचा छलही त्यात चालतो, तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं ती वितंडा. मराठीनं वाद ठेवला, वितंडा ठेवली, जल्प मात्र बोलण्यातून गेला. मला हे नुकसान मोठं वाटतं. सभेतली जुगलबंदी, सभागृहातली खडाजंगी, वाहिन्यांवरची रात्रीची चर्चा यांतलं बहुतेक बोलणं जल्पच असतं. त्याला नाव उरलं नाही, म्हणून ज्यानं फड मारला त्याचा मुद्दाही खरा, असं आपण नकळत धरून चालतो.

अशा वेळी मला २६ मार्च १९०२ हा दिवस आठवतो. कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर चर्चा चालली होती. सरकारकडे ७ कोटींची शिल्लक होती आणि अर्थसदस्याचं कौतुक होत होतं. ३५ वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उठले आणि म्हणाले की या अभिनंदनात सामील व्हायला माझं मन घेत नाही. आवाज चढवला नाही, उपमा दिल्या नाहीत. हिशेब मांडला. १३ पेन्सांच्या आसपास घसरलेला रुपया १६ पेन्सांवर चढला. विलायतेला पाठवायच्या रकमेला कमी रुपये लागू लागले. पण घसरणीच्या काळात वाढवलेले कर तसेच राहिले. म्हणजे दुष्काळानं गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं, तीच ही शिल्लक. त्यासाठीची टिपणं पुरवणारे गणेश व्यंकटेश जोशी आज कोणाला आठवत नाहीत. अहवालांच्या ढिगातून आकडे वेचण्यात या माणसाची वर्षं गेली होती.

१८९२ च्या कायद्यानं सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. जिंकण्यासारखं काही नव्हतंच. कदाचित म्हणूनच ते बोलणं इतकं निखळ वाद होऊ शकलं.

पण मला वाटतं, त्या कोरड्या शैलीमागे एक जखमही होती. १८९७ मध्ये विलायतेत असताना गोखल्यांनी पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप छापून आणला. माहिती पुण्याच्या पत्रांतून आली होती. परतल्यावर पुरावा उभा राहीना, पत्रं लिहिणाऱ्यांची नावं ते सांगेनात. त्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि स्वकीयांनीही त्यांना बोल लावला. त्यानंतरचे गोखले वाचताना मला प्रत्येक आकड्याखाली ती माफी दिसते. ज्याचं एक वाक्य असं अंगाशी आलं, तो पुढचं वाक्य तोलूनच उच्चारणार. साधेपणा हीसुद्धा एक शैलीच, फक्त तिची किंमत त्यांनी आधी मोजली होती.

याच पुण्यात टिळक होते, आणि त्यांचा अग्रलेख गोखल्यांच्या पद्धतीनं लिहिला असता तर तो पारावर कोणी वाचून दाखवला नसता. कायदेमंडळाच्या दाराशीही ज्याला जागा नव्हती, त्या माणसाला रुपयाच्या भावाचा हिशेब नव्हे, धीर हवा होता. म्हणून शैलीला दोषी ठरवून मोकळं व्हायला माझं मन तयार होत नाही. न्यायसूत्रंही ठरवत नाहीत. ती म्हणतात की कोवळे अंकुर राखायला काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, तसे जल्प आणि वितंडा सत्याच्या राखणीसाठी. ज्यानं बाभळीच्या फांद्या ओढत आणून शेताची कड बंद केली आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. त्याला हेही माहीत असतं की पेरणी झालेलीच नसेल, तर काटे फक्त पाय फोडतात.

चर्चा ऐकताना मी आता एवढंच शोधतो की या कुंपणाच्या आत काय पेरलं आहे. पुष्कळदा उघडी जमीन दिसते आणि वाईट वाटतं, कारण काटे ओढून आणायला श्रम तेवढेच पडलेले असतात.

गोखल्यांनी मिठावरचा कर कमी करायला सांगितलं होतं. मणामागे अडीच रुपये होता तो. मागणी त्यांची एकट्याची नव्हती, आणि त्या दिवशी मंडळात काहीच बदललं नाही. १९०३ साली तो दोन रुपयांवर आला. मणामागे आठ आणे.