ठिपका कुणाच्या फोनमध्ये?

नव्या गाडीबरोबर सल्ले फुकट येतात. अंडरकोटिंग करून घ्या. पावसाळ्याआधी बोनेटखाली उंदरांसाठी जाळी लावा. शेवटचा सल्ला मात्र आवाज उतरवून दिला जातो : "जीपीएस बसवून घ्या काका. मुलगी चालवणार ना?"

मी चोरांबद्दल विचारलं होतं.

*

चोरासाठी यंत्र घ्यायचं तर चोराच्या डोक्याने बघावं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र बसवायला मिनिट लागतं, उपटायला त्याहून कमी. डॅशबोर्डच्या आत वायर जोडून लपवलेलं सापडायला वेळ लागतो. पण मूळ वायरिंग कापलं, तर वॉरंटीच्या वेळी कंपनी हात वर करू शकते. शिवाय गाडी उभी असतानाही ते बॅटरी थोडी थोडी पीतच असतं. गणपतीला पंधरा दिवस कोकणात जाऊन आलं की सोसायटीच्या पार्किंगमध्ये जम्प स्टार्टसाठी शेजाऱ्याला हाक मारायची तयारी ठेवावी. ॲपवरून इंजिन बंद करण्याची सोयही मिळते. ऐकायला छान. बोरघाटात मागे कंटेनर लागलेला असताना कुणाचं बोट चुकून त्यावर पडलं तर, हे दुकानदार सांगत नाही.

विमा कंपन्यांनी या भीतीचा भाव कधीच काढून ठेवला आहे. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रमाणित केलेलं चोरीविरोधी यंत्र असेल, तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. जुन्या दरपत्रकापासून चालत आलेला हा आकडा.

चोराची भीती पाचशे रुपयांची. उरलेली कुणाची?

*

उपग्रहाला आपली गाडी कुठे आहे हे ठाऊकच नसतं. तो फक्त आपली वेळ आणि जागा सांगत असतो, साऱ्या पृथ्वीला एकसारखी. गाडीतलं यंत्र चार-पाच उपग्रहांचं ऐकून स्वतःचा ठावठिकाणा ताडतं. चुगली करतं ते आतलं सिमकार्ड, आणि सिमकार्ड आपणच विकत घेतलेलं असतं.

*

शिरढोण पनवेलपासून हाकेच्या अंतरावर, गोवा महामार्गाला लागून. तिथल्या वासुदेव बळवंत फडक्यांचा माग काढायला इंग्रज सरकारला इनामं लावावी लागली, फौजा फिरवाव्या लागल्या. जुलै १८७९मध्ये ते सापडले, तेही पार विजापूरकडे देवर नावदगीला. तेव्हा माग लागायचा तर माणूस निदान राजद्रोही असावा लागे. आता शिफ्ट संपवून घरी येणारी मुलगी असली तरी पुरते.

*

कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांना हे चिंतन हास्यास्पद वाटेल. बंदरातून निघालेला ट्रेलर कुठे थांबला, किती वेळ थांबला, डिझेल कुठे कमी झालं, हे मालकाला कळायलाच हवं. मालाची जबाबदारी त्याची, गाडी त्याची, पगारही त्याचाच. ड्रायव्हरला यंत्र कुठे आहे ते माहीत असतं. अँटेनावर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळला की काय होतं, तेही माहीत असतं. दोघांमधला अविश्वास उघड आहे, म्हणून व्यवहार चालतो.

घरात अविश्वासाला काळजी म्हणायची पद्धत आहे.

*

काळजी आणि पाळत, दोघी दिसायला जुळ्या. ओळखायची खूण एकच : उत्तर मिळालं की काळजी झोपायला जाते. पाळतीला उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न सुचतो.

*

"आधीच सगळ्यांना सगळं कळतंय, मग बापाला का नको?" हा युक्तिवाद मीही करून पाहिला. खोटा नाही तो. फेब्रुवारी २०२१पासून फास्टॅग सक्तीचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४पासून कॅमेरे वेग मोजतात, नंबर टिपतात. खिशातला फोन तर रात्रंदिवस टॉवरशी बोलतच असतो.

पण टोलनाक्याला फक्त नंबर हवा असतो. बापाला कारण हवं असतं.

आमचा फास्टॅग माझ्या बँकखात्याला जोडलेला. मुलगी मैत्रिणीकडे खारघरला गेलेली आणि मला मेसेज आला खालापूर टोलचा. मी काही विचारलं नाही. रात्री जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "घाटात ट्रॅफिक लागलं का गं?"

तिने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "लोणावळ्याला जायचं आयत्या वेळी ठरलं, बाबा. सांगणारच होते."

सांगणार होती, हे खरंच असावं. पण आता ते सांगणं राहिलं नाही, कबुली झाली. आधीच माहीत असलेल्या माणसाला कुणी काही सांगू शकत नाही.

*

यंत्र बसवलेल्यांच्या घरी काय होतं तेही पाहिलं आहे. भाताणच्या बोगद्यात गाडी शिरली की नकाशावरचा ठिपका थांबतो. बोगदा जेमतेम किलोमीटरभराचा. गाडी पलीकडे निघालेलीही असते. इकडे आईने हातातला चहा खाली ठेवलेला असतो. पूर्वी काळजी रात्री दहानंतर सुरू व्हायची. आता ती दर तीस सेकंदांनी ताजी होते.

*

कायद्याकडे वळावं, तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. पुढे २०२३मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातच एक सूट आहे : एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरली, तर हा कायदा लागू नाही. कायदा उंबऱ्याशी चपला काढून थांबतो. आत ज्याच्या हाती ॲप, त्याचं राज्य.

*

टॅक्सी-बसचं प्रकरण मात्र शिकण्यासारखं आहे. १ जानेवारी २०१९पासून नोंदणी होणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना, रिक्षा वगैरे अपवाद सोडून, ठावठिकाणा सांगणारं यंत्र सक्तीचं झालं. आणि त्याच्याबरोबर एक लाल बटण. दिल्लीत २०१२मध्ये धावत्या बसमध्ये झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर प्रवाशांच्या सुरक्षेची जी मागणी झाली, तिची सावली त्या नियमावर आहे. ते बटण किती ठिकाणी चालतं, हा वेगळा विषय. पण कल्पना नीट आहे : बाहेरचा बघू शकतो, तसा आतला हाक मारू शकतो.

खासगी गाडीसाठी स्वस्तात मिळणाऱ्या यंत्रात बहुधा पहिली वायर असते, दुसरी नसते. नुसतं बघणं. आत बसलेल्या माणसाच्या हाती काहीच नाही. मला विचाराल तर यंत्र कशासाठी आहे, हे तिथेच कळतं. बटण नसलेलं यंत्र चालवणाऱ्यासाठी नसतंच. ते घरी बसलेल्यासाठी असतं.

*

शेवटी तिलाच विचारलं. वास्तविक सुरुवात तिथून व्हायला हवी होती, पण आपल्याकडे गाडीचा रंग मुलांना विचारतात, बाकीचं ठरवून सांगतात. तिची शिफ्ट तळोजा एमआयडीसीत, कधीकधी रात्रीची. ती म्हणाली, "बसव की. रात्री पंक्चर झालं तर मलाच बरं. पण ॲप माझ्या फोनमध्ये."

"आणि मी गाडी नेली तर?"

"तर तुझा ठिपका मला दिसेल."

हे मला रुचलं नाही. मी कुठे जातो? बाजारात, बँकेत, फार तर कर्नाळ्याला. लपवण्यासारखं काही नाही, तरी रुचलं नाही. जो बसवू पाहतो, त्याने आधी आठवडाभर स्वतः ठिपका होऊन बघावं. पैसे भरण्याआधी करायची ही एवढी एकच चाचणी मी सुचवीन.

*

यंत्र बसवलं. वायरचं, बटण असलेलं, इंजिन बंद करण्याची सोय न घेता. ॲप तिच्याकडे आहे. तिने बटण दाबलं तरच माझ्या फोनवर ठिकाण येतं. फास्टॅगही तिच्या खात्याला जोडायचा आहे. ते काम अजून माझ्याकडून झालेलं नाही. सिमचं रिचार्ज दरवर्षी करावं लागतं. पुढच्या वर्षी ते करायचं की नाही, ती ठरवेल.