घाई तेवढी करू नकोस

गोसीखुर्द, ता. पवनी, जि. भंडारा

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पहाटे उठून, घरचा डबा घेऊन पहिल्या एसटीनं आरोग्य केंद्रात पोचतेस, हे आजीनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. लवकर उठ म्हणून तुला कधी सांगावंच लागलं नाही, बाई. इकडे रोवणी आटोपली आणि वैनगंगा भरून चालली आहे.

एका दिवसात सिकलसेलचे किती नमुने हातावेगळे केलेस ते तू मोठ्या हौसेनं लिहिलंस. शेवटी सहज विचारलंस, की पेशी आधी एवढा लांबलचक संदेश लिहिते आणि मग कापून टाकते, ही उधळपट्टी कशाला? नमुन्यांच्या त्या गतीची मला जरा काळजी वाटली, म्हणून दोन्हींबद्दल एकदमच लिहितो.

तू रोज ज्याची परीक्षा करतेस त्या हिमोग्लोबिनचंच बघ. त्याचा बीटा ग्लोबिन जनुक अकराव्या गुणसूत्रावर बसलेला. पेशीकेंद्रात त्याची आरएनए नक्कल उतरू लागते, तशी तिच्या पुढच्या टोकाला टोपी बसते, मागच्या टोकाला अ‍ॅडेनिनची लांब शेपटी लागते, मधले दोन इंट्रॉन कापले जातात आणि तीन एक्झॉन एकमेकांना जोडले जातात. एवढं सगळं झाल्यावरच तो संदेश केंद्राबाहेर पडतो. फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी १९७७ मध्ये जनुकांची ही तुकड्यातुकड्यांची रचना स्वतंत्रपणे दाखवली, आणि १९९३ चं नोबेल दोघांना मिळालं. कापलेलंही वाया जात नाही हं, त्यातली अक्षरं सुटी होऊन पुन्हा कामी येतात. शिवाय तुकडे निरनिराळ्या तऱ्हेनं जोडून एकाच जनुकातून अनेक प्रथिनं निघतात, म्हणून तर प्रथिनं घडवणाऱ्या जेमतेम २०,००० जनुकांवर माणसाचा प्रपंच चालतो. तुझ्या आजीची काटकसरसुद्धा इतकी नाही (हे तिला वाचून दाखवू नकोस). आणि धीर म्हणशील तर स्नायूंमधल्या डिस्ट्रोफिन जनुकाची एक नक्कल पुरी उतरायला सुमारे १६ तास लागतात.

कापण्यात एका अक्षराची चूक झाली तर काय होतं, तेही आपल्या देशात अनेक घरांत दिसतं. पहिल्या इंट्रॉनच्या पाचव्या जागी जी ऐवजी सी आलं, की कात्रीची खूण चुकते, बहुतेक संदेश बिघडतात आणि ग्लोबिन अपुरं पडतं. भारतात बीटा थॅलेसेमियामागे सर्वांत जास्त आढळणारा बदल हाच. आपल्या विदर्भातल्या सिकलसेलची गोष्ट निराळी. तिथे कापणं-जोडणं अगदी बिनचूक होतं, पण मजकुरातच एक अक्षर बदललेलं असतं आणि ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं.

आता तुझी सिकलसेल तपासायची नळी. रक्ताचा थेंब टाकलास, द्रावण गढूळ झालं, मागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे, एवढंच कळलं. ए-एस (नुसता वाहक) की एस-एस (खरा आजारी), हे ती नळी सांगत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. एका पालकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमिया आलेलं लेकरूही असतं, ते तर आई-बापाचं रक्त पाहिल्याशिवाय नीट ओळखू येत नाही. तोवर आईला काही सांगून बसू नकोस, तिची झोप उडेल.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत तर फारच जपून. आपल्या गोसीखुर्द धरणात पाणी आहे म्हणून त्याची ३३ ही दारं कोणी रोज उघडत नाही, तसे सगळे जनुकही एकदम चालू नसतात. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात गॅमा ग्लोबिनचं गर्भीय हिमोग्लोबिनच जास्त असतं. पुढे बीसीएल११ए नावाचं प्रथिन गॅमाला आवरतं आणि साधारण सहा महिन्यांत बीटाचा अंमल बसतो. त्याआधी एस-एस बाळाची नळीसुद्धा स्वच्छ दिसू शकते. ती बघून ‘काही नाही, घेऊन जा’ म्हणालीस, तर ते लेकरू पहिल्या दुखण्यापर्यंत कोणाच्या नजरेत येणार नाही. मोठेपणीही गर्भीय हिमोग्लोबिन वाढवता आलं तर त्रास कमी होतो. हायड्रॉक्सीयुरिया बऱ्याच अंशी तेच करते, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झालेला जनुकोपचार रक्ताच्या मूळ पेशींत बीसीएल११ए लाच लगाम घालतो.

तुझा हात स्वच्छ आहे आणि मनही, त्याची मला चिंता नाही. फक्त एक कर. सहा महिन्यांखालच्या प्रत्येक बाळापुढे वहीत पुन्हा बोलवायची तारीख लिही, आणि त्या दिवशी कोणी आलं नाही तर आशाताईंना त्यांच्या घरी पाठव. दिवसाचे चार नमुने कमी झाले तरी चालतील.

जेवण वेळेवर घे. पोळ्याला ये.

तुझे,
आबाजी