सिग्नल नाही!
मामांनी १९८४ साली विलायतेहून आणलेला, टीव्हीला लावायचा सिंक्लेअर स्पेक्ट्रम संगणक. दुरुस्तीवाल्याकडून चित्राची तार बाहेर काढून घेतली आणि परवा नव्या मॉनिटरला जोडला. मॉनिटर म्हणतो, ‘सिग्नल नाही!’

अहो, होता ना! बिचारा सेकंदाला ५० वेळा इमानेइतबारे चित्र पाठवत होता. याला ते कळत नव्हतं, एवढंच. मग ‘कळत नाही’ऐवजी ‘नाहीच’ म्हणणं हे खोटं की नाही?

संतापलो. मग आठवलं, पेन्शनवाले आजोबा काउंटरवर काही विचारतात, तेव्हा मीही ‘असं काही नसतं’ म्हणून मोकळा होतो.

शेवटी मधे कन्व्हर्टरची डबी बसवली, चित्र उमटलं. जुन्याचं पूर्ण ऐकायचं, नव्याला समजेल असं सांगायचं, एवढंच तिचं काम. बँकेनं मला काउंटरवर बसवलंय, तेही बहुधा याचसाठी.