धूमकेतूवरील आरोप

१९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो बळी घेतले. हॅलेचा तेजस्वी धूमकेतू दिसला तो १९१० साली. आणि १९११ मध्ये निजाम महबूब अली खान निवर्तले. शकुन पाहणारे मन हा मृत्यू धूमकेतूच्या माथी मारील व तो महापूर सोयीस्करपणे विसरेल. न्यायासनापुढे असला पुरावा क्षणभरही टिकणार नाही.

परंतु खरा प्रश्न नीतीचा आहे. आकाशाला दोषी ठरविले की पृथ्वीवरील माणूस निर्दोष सुटतो. पुराचे कारण नदीच्या खोऱ्यात शोधले गेले, म्हणूनच १९२० साली उस्मानसागर उभा राहिला. येथल्या निजामिया वेधशाळेच्या सान्निध्यात वाढलेल्या वेणू बाप्पूंचे नाव १९४९ मध्ये एका धूमकेतूला लाभले, तेही निर्भय कुतूहलामुळेच.

धूमकेतू डोळे भरून पाहावा. आपल्या कृत्यांचा जबाब मात्र आपणच द्यावा.