दहावीनंतरचा डिस्लेक्सिया

१९९६ साली महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती दिल्या. एक भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित, वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. २०००पासून या सवलती पहिली ते बारावीपर्यंत लागू झाल्या. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली तीही १९९६मध्येच. अशा मुलांसाठी वर्गात 'ढ' आणि 'मठ्ठ' हेच शब्द होते, त्या काळातलं हे काम आहे. ते ज्यांनी केलं त्यांचे आपण ऋणी आहोत.

त्या वर्षी दहावीला बसलेली मुलं आज पंचेचाळिशीच्या आसपास आहेत. ती काय करतात, बँकेचं पत्र आलं तर कसं वाचतात, हे कुणी विचारायला गेलेलं नाही. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, जन्मभर सोबत राहतो. आपली व्यवस्था मात्र तो गुणपत्रिकेबरोबर संपला असं धरून चालते. २००७च्या डिसेंबरात आलेल्या 'तारे जमीन पर' या चित्रपटाने हा शब्द घराघरांत नेला आणि आपल्या मनात तो त्यातल्या छोट्या ईशानच्या वयाशीच थांबला. ईशान आज नोकरीच्या वयाचा असेल. त्याला रोजचे ईमेल येत असतील.

ज्यांची कधी तपासणीच झाली नाही, त्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. वसई-विरार पट्ट्यात अशी माणसं पुष्कळ असणार, असं मला वाटतं. त्याला कारण आहे. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. महानगरपालिका झाली २००९मध्ये, पालघर जिल्हा २०१४मध्ये. त्याआधी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर अशा चार नगरपालिका होत्या. अध्ययन अक्षमतेची तपासणी आणि प्रमाणपत्र यांची सोय उभी राहिली ती मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी. विरारहून दादर, तिथे गाडी बदलून शीव, आणि काम एका फेरीत होत नाही. दर फेरीला आईचा किंवा वडिलांचा खाडा. गाळ्यात रोजंदारीवर असलेल्या बापाने मुलाचं वाचन कच्चं आहे म्हणून एवढे खाडे करावेत, ही अपेक्षाच अवघड होती. तो मुलगा नापास झाला, कामाला लागला आणि त्याची कुठेही नोंद झाली नाही.

असा माणूस मोठेपणी कसा निभावतो, हे जवळून पाहिलं तर चटका बसतो. 'चष्मा घरी राहिला' हे वाक्य त्याच्या खिशात कायम तयार असतं. बँकेतली स्लिप तो शेजारच्याकडे सरकवतो, 'जरा भरून देता का' म्हणतो. हॉटेलात बाकीच्यांनी जे मागवलं तेच मागवतो. सोसायटीच्या सभेत इतिवृत्त वाचायची वेळ आली की त्याला नेमका फोन येतो. मुलीच्या शाळेचे फॉर्म बायको भरते. मुलगी मोठी झाली की घरातले सगळेच फॉर्म तिच्याकडे जातात. 'पप्पा, इथे सही करा', एवढाच त्याचा त्यात भाग. वसईतल्या वालीव किंवा गोखिवऱ्याच्या गाळ्यात यंत्रावर हात बसलेला, जॉब हातात घेऊन त्यातला बारीकसा दोष सांगणारा कारागीर सुपरवायझरची जागा नाकारतो. ती घेतली तर रोज रिपोर्ट लिहावा लागेल. घरी तो सांगतो, 'नसती जबाबदारी कशाला?' पगारवाढ गेली याचं खरं कारण बायकोलाही कळत नाही.

हे सगळं करायला स्मरणशक्ती लागते, माणसं ओळखावी लागतात, पुढच्या प्रसंगाचा अंदाज बांधावा लागतो. बुद्धी कमी असलेल्याला हे जमणार नाही. ही फार मोठी मेहनत आहे, आणि ती वाचनासाठी कमी, लपवण्यासाठी जास्त खर्च होते. प्रौढपणीच्या डिस्लेक्सियात माणसाला सगळ्यात जास्त दमवते ती हीच.

मराठीत वाचणाऱ्या माणसाच्या बाबतीत एक वेगळी अडचण आहे. डिस्लेक्सियावरचं बरंचसं जुनं संशोधन इंग्रजीतलं. तिथे उच्चार आणि अक्षरं यांचा मेळ नसतो, म्हणून चुका चटकन दिसतात. देवनागरी बरीचशी बोलल्याप्रमाणे लिहिली जाते, त्यामुळे मराठी माणूस अडखळत का होईना, शब्द बरोबर वाचतो. वेग मात्र कधीच येत नाही. २००१मध्ये संशोधक पाउलेसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटली, फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या डिस्लेक्सिया असलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा अभ्यास 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केला. इटालियनसुद्धा बोलल्याप्रमाणे लिहिली जाते. इटालियन विद्यार्थी बाकीच्यांपेक्षा अचूक वाचत होते. पण वाचताना मेंदूच्या डाव्या भागात दिसलेली कमी हालचाल तिन्ही देशांत सारखीच होती. म्हणजे लिपी सोपी असली की अडचण झाकली जाते, जात नाही. आपल्याकडे 'त्याला वाचता येतं की' म्हणून जो विषय संपवला जातो, त्याचं उत्तर या अभ्यासात आहे.

आणि देवनागरी सगळीकडे सरळ चालते असंही नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारात ती मागून येते. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी ऐकू येतो आणि कागदावर तो 'य'च्या डोक्यावर बसतो. ऱ्हस्व-दीर्घ तर आपल्या बोलण्यात धड ऐकूही येत नाहीत. ते नियमाने पाठ करायचे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम ज्याच्या डोक्यात पक्के नाहीत, त्याची संस्कृती कमी, असं मानणारा मोठा वर्ग आपल्यात आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एखाद्याने वेलांटी चुकवली की दुरुस्त करणारे लगेच पुढे येतात. त्या ग्रुपवर काही माणसं वर्षानुवर्षं फक्त अंगठा दाखवतात. त्यांच्यातल्या काहींच्या गप्प राहण्याचं कारण हे असू शकतं.

वसईत याला आणखी एक पदर आहे. घरात कादोडी किंवा वाडवळी बोली, शाळेत पुस्तकी मराठी, पुढे हिंदी आणि इंग्रजी. मूल अडलं तर घरची बोली वेगळी म्हणून अडलं, असं शिक्षकांनाही वाटतं आणि आईबापांनाही. खरी अडचण बोलीच्या आड राहते.

आकड्यांचंही तेच. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. 'अठ्ठ्याण्णव' ऐकून ८९ लिहिणाऱ्याचा फोन भलत्याच माणसाला लागतो. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असं वाचण्याचा पर्याय आला, तेव्हा केवढी टिंगल झाली! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने मुलं गोंधळतात. मला तो बदल योग्य वाटला होता, आजही वाटतो. शिकणाऱ्याची अडचण ऐकून घेण्याइतकाही धीर आपण त्या वेळी दाखवला नाही.

कायदा मात्र पुढे गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, १९ एप्रिल २०१७पासून लागू. त्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात ज्या गटांना मिळून १ टक्का आहे, त्यांत ती येते. कलम २० सरकारी आस्थापनांना वाजवी सोय करायला सांगतं. कलम २१ प्रत्येक आस्थापनेला, खासगीलाही, समान संधीचं धोरण जाहीर करायला लावतं. पण दार उघडायचं तर प्रमाणपत्र हवं, आणि २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत तपासणीची वयं दिली होती ८, १४ आणि १८. अठराव्या वर्षी मिळालेलं प्रमाणपत्र जन्मभर चालणार होतं. चाळिशीत पहिल्यांदा विचारणाऱ्याची कल्पनाच त्या मांडणीत नव्हती. साधनंही तशीच. निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणी सातवीपर्यंतच्या मुलांसाठी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५मध्ये आणलेली 'दाली' ही चाचणी मराठीतही आहे, ही मोठी गोष्ट, पण तीही पहिली ते पाचवीसाठी. मोठ्या माणसाला लहान मुलांचा धडा पुढे ठेवून तपासणं हा त्याचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे.

या सगळ्यात फोनने जी मदत केली, तिचं मोल फार आहे. गुगलचं मराठी बोलून टंकन २०१७मध्ये आलं. व्हॉट्सॲपवर आवाज पाठवता येतो, पडद्यावरचा मजकूर फोन वाचून दाखवतो. लोकलच्या फलाटावर हे तत्त्व आधीपासूनच आहे. गाडी कोणती, धीमी की जलद, ते तीन भाषांत ऐकवतात, म्हणून वाचनात अडणारा माणूसही चुकीच्या गाडीत चढत नाही. मात्र सरकारी संकेतस्थळावर गेलं की वेडीवाकडी अक्षरं ओळखून टाका म्हणतात, घड्याळ लावून ओटीपी मागतात, आणि नोटीस असते ती स्कॅन केलेल्या कागदाचं चित्र, जे बऱ्याचदा फोनलाही धड वाचता येत नाही. मालमत्ता कराची नोटीस निवडता येईल अशा मजकुरात द्यायला महानगरपालिकेला वेगळा निधी लागत नाही. कारखान्यात सुपरवायझरने दिवसाचा रिपोर्ट बोलून दिला तर उत्पादन घटत नाही. विभागीय परीक्षेला तासाऐवजी सव्वा तास दिला तर कुणाचं काही हिरावलं जात नाही.

आणि एक काम डॉक्टरांना उद्यापासून करता येईल. डिस्लेक्सिया घराण्यात चालतो. मुलाच्या तपासणीला आलेला बाप डॉक्टरांचं वर्णन ऐकता ऐकता गप्प होतो, कारण ती त्याचीच गोष्ट असते. त्या वेळी त्याला थांबवून विचारावं, 'तुम्हाला शाळेत वाचायला जमायचं का?' त्याने सांगितलं, तर ते मुलाच्या केसपेपरवर न लिहिता त्याच्या नावाचा वेगळा केसपेपर काढून त्यावर लिहावं.