हिकमतीची अमानत

जुन्या धर्मग्रंथांच्या संपादनाचा विषय निघाला की आम्हा मुसलमानांच्या ओठांवर ‘तहरीफ’ हा शब्द लगेच येतो. यहुद्यांनी ग्रंथात फेरफार केले, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. कुरआनच्या जतनाविषयीची आपली श्रद्धा ठाम आहे; तिचा येथे प्रश्न नाही. प्रश्न असा, की ग्रंथाला हात लावणारा प्रत्येक जण बेइमानच असतो काय?

हिब्रू बायबलातील ‘नीतिसूत्रे’ पाहा. त्याच्या २५व्या अध्यायाच्या आरंभीच नोंद आहे, की पुढील वचने सुलेमान यांची असून यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी ती उतरवून घेतली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षांनंतरच्या या लेखनिकांनी आपला हात लपवला नाही. मात्र २२व्या अध्यायापासूनची काही वचने इजिप्तच्या आमेनेमोपे याच्या उपदेशाशी जुळतात, हे १९२४ साली जर्मन अभ्यासक अडोल्फ एर्मान यांनी दाखवले. गरिबाला लुबाडू नका, शेताच्या हद्दीचा दगड सरकवू नका, ही शिकवण दोन्हीकडे आहे. आमेनेमोपेचे नाव मात्र तेथे नाही. हिकमत टिकली, हकीमाचे नाव गळाले.

‘उपदेशक’ या ग्रंथाची गोष्ट याहून मोलाची. सारे व्यर्थ आहे, सज्जन आणि दुर्जन यांचा शेवट एकच, असे तो बेधडक म्हणतो. बाराव्या अध्यायाच्या अखेरीस मात्र बोलणारा बदलतो. तो उपदेशकाविषयी त्रयस्थपणे सांगतो आणि ईश्वराचे भय धरा, त्याच्या आज्ञा पाळा, असे बजावतो. हा नंतरच्या संपादकाचा हात, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ज्याला असा समारोप जोडता आला, त्याला वरची शंका खोडताही आली असती. ती त्याने राहू दिली. पुढे हा ग्रंथ पवित्र मानावा की नाही यावर रब्बींमध्ये वाद झाला. मिश्नाने तो वादही नोंदवून ठेवला.

ही रीत आपल्याला परकी नाही. इमाम तबरी (मृत्यू इ. स. ९२३) यांनी आपल्या तफसीरमध्ये आधीच्यांची परस्परविरोधी मते सनदीसह दिली आणि मग आपला कौल सांगितला.

आम्हा शिक्षकांना यातून घेण्यासारखे आहे. वर्गात अडचणीचा प्रश्न आला की आपण उत्तर देण्याआधी प्रश्नच पुसून टाकतो. आपले मत जरूर सांगावे, पण दुसऱ्याची शंका फळ्यावर राहू द्यावी. इल्म ही अमानत आहे, आणि न पटलेले बोलणेही त्या अमानतीत येते.